पारव्याचे गोत्र

जयपुरास आमची बदली झाली तेव्हा घरची मंडळी काहीशी उदास होती. नव्या गावी ओळखीचे असे काही सापडते का, याचा शोध बदलीच्या नोकरीतील प्रत्येक कुटुंब पहिल्या पंधरवड्यात घेतच असते. कोणास कढीपत्त्याचे झाड सापडते, कोणास मराठी आडनावाची पाटी. आमच्या घरी तो मान पारव्यास मिळाला. पहाटे सरकारी वसाहतीतील खिडकीच्या छज्जावर घुमण्याचा तो खोल, गळ्यातला आवाज ऐकू आला, आणि साताऱ्याच्या वाड्याची वळचण क्षणभर येथे येऊन टेकली. आमच्या धाकट्या कन्येने अंथरुणातूनच विचारले, "बाबा, हे आपल्याकडचेच पारवे का?" आम्ही विचार न करता "होय" म्हणून टाकले. संध्याकाळी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मात्र त्यास हरकत घेतली. त्यांच्या मते हे पक्षी अस्सल जयपुरी; किंबहुना १७२७ साली हे शहर वसण्यापूर्वीपासून आंबेरच्या कड्याकपारींत राहणारे.

मुलीचा प्रश्न साधा आणि शेजाऱ्यांचा दावाही साधा. पण या दोहोंचा निवाडा करू गेलो, तेव्हा असे दिसले की हाच प्रश्न युरोपातील व हिंदुस्थानातील विद्वानांनी अडीच शतके घोळविला आहे, आणि त्याची कागदपत्रे आजही पुरती बंद झालेली नाहीत. त्यातही विशेष हे, की या प्रकरणात ज्यांच्या सह्या आढळतात त्यांपैकी बरेचसे आपल्यासारखेच बदलीवर फिरणारे सरकारी नोकर होते. म्हणून ही हकीकत परप्रांतीच्या मराठी वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

आपल्या परंपरेत या पक्ष्याची ओळख फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोत हा मृत्युदेवतेचा दूत म्हणून घरात शिरतो व त्याच्या शांतीसाठी सूक्त म्हटले जाते. पुढे महाभारतात तोच कपोत शिबिराजाच्या मांडीवर शरणागत होऊन येतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे. पिलांच्या व जोडीदारणीच्या मोहाने तो स्वतः जाळ्यात उडी घेतो, आणि संसारासक्तीचा धडा देतो. नाथांनी आपल्या भागवतात त्या कथेस मराठी घरसंसाराचे रूप दिले. अमरकोशाने पारावत आणि कपोत हे शब्द एकाच पक्ष्याचे पर्याय म्हणून नोंदविले. त्या पारावताचाच आपला पारवा झाला. पाळलेल्यास आपण कबूतर म्हणतो, शेतात दाणे टिपणाऱ्या सडपातळ भावंडास होला किंवा कवडा म्हणतो, आणि वडाच्या फळांवर तुटून पडणाऱ्या हिरव्या पक्ष्यास हरियाल वा हरोळी. म्हणजे नावे पुष्कळ होती, जातींचा भेदही लोकांस ठाऊक होता. परंतु यांतील कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न विचारण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियसने घालून दिली. १७५८ साली त्याने प्राण्यांस दुहेरी लॅटिन नावे देण्याची रीत रूढ केली. पहिले नाव वंशाचे, दुसरे जातीचे. कोलंबा हा कपोतांचा वंश त्याचाच. पण खडकात राहणाऱ्या पारव्यास त्याने वेगळे खाते उघडून दिले नाही. युरोपातील झाडांच्या ढोलीत राहणारा एक निळसर कपोत आहे, त्याच्या कोलंबा ईनास या नावाखालीच पाळीव कबुतरांची नोंद झाली. खडकपारव्यास स्वतंत्र नाव मिळाले ते १७८९ साली, योहान ग्मेलिन या जर्मन पंडिताकडून. कोलंबा लिव्हिया हे ते नाव. त्यातील दुसऱ्या शब्दाचा रोख पक्ष्याच्या निळसर करड्या रंगाकडे आहे. पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी झाक आणि पाठीच्या खालच्या टोकास, शेपटीच्या वर, स्वच्छ पांढरा पट्टा, हे या युरोपीय पारव्याचे लक्षण. हा पांढरा पट्टा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे प्रकरण त्याच्यावरच फिरते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात तो होता, म्हणजे राजस्थानची धूळ त्याने तरुणपणीच खाल्ली होती. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूस उभा होता. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने त्यास दख्खनची आकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमले. पिके, पाऊस, लोकसंख्या, बाजारभाव यांची मोजदाद करीत तो गावोगाव हिंडला आणि त्याच फेऱ्यांत पक्षीही जमवू लागला. १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या माणसांकडून ऐकलेली मराठी नावे त्याने तीत नोंदविली आहेत, एवढ्यापुरते तरी त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

याच यादीत त्याने सह्याद्रीच्या रानातील एका मोठ्या, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेल्या कपोतास मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे नाव दिले. पक्षी फळे खाणारा, म्हणून साइक्सने त्यास फलाहारी कपोतांच्या वंशात घातले. पुढे अंगरचना नीट तपासल्यावर तो खऱ्या कोलंबा वंशाचा ठरला व तिकडे वर्ग झाला. आहारावरून कुळी ठरवू नये, हा धडा त्यातून मिळाला. आपल्या पारव्याच्या बाबतीतही साइक्सची अशीच गफलत झाली. दख्खनच्या पारव्यास पाठीवर तो पांढरा पट्टा नव्हता. तेथे करडा-निळाच रंग होता. ते पाहून त्याने आपल्या वाड्यांतील व देवळांतील पारव्यास युरोपच्या ढोलीतील ईनास समजून त्या नावाखाली मांडले. जो पक्षी झाडाच्या ढोलीत कधी फारसा राहिलाच नाही, तो दप्तरात झाडावरचा झाला.

ही चूक दुरुस्त करणारा गृहस्थ ह्यू स्ट्रिकलंड. हा हिंदुस्थानात कधी आला नाही. पण कारकुनी पेशाच्या आम्हां लोकांस त्याच्याविषयी विशेष आदर वाटावा, असे काम त्याने केले. त्या काळी एकाच पक्ष्यास पाच पंडितांनी पाच नावे द्यावीत आणि प्रत्येकाने आपलेच चालवावे, असा बेबंद कारभार होता. १८४२ साली स्ट्रिकलंडने प्राणिनामांची नियमावली तयार केली. जे नाव रीतसर वर्णनासह आधी प्रसिद्ध झाले तेच ग्राह्य, हे तिचे मुख्य कलम. ती तयार करणाऱ्या समितीवर चार्ल्स डार्विनही होता. आज सर्व जगात प्राण्यांची नावे ज्या संहितेनुसार चालतात, तिचे मूळ हेच. दोन वर्षांनी, १८४४ साली, स्ट्रिकलंडने हिंदुस्थानी पारव्यास कोलंबा इंटरमीडिया असे नाव दिले. इंटरमीडिया म्हणजे मधला. रूपाने लिव्हियासारखा, पण पाठीच्या करड्या रंगाने ईनासकडे झुकणारा. म्हणून दोघांच्या मधला. साताऱ्याच्या वळचणीतला आणि जयपूरच्या छज्जावरचा पारवा अशा रीतीने स्वतंत्र जात म्हणून दाखल झाला.

स्ट्रिकलंडचे दुसरे मोठे काम डोडो या पक्ष्याविषयीचे. मॉरिशस बेटावरचा हा स्थूल, उडता न येणारा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. हिंदुस्थानाशीही त्याचा संबंध आला होता. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने १६२८ च्या सुमारास सुरतेस दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जहांगिराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर सांगितले जाणारे एक मुघल चित्र रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे, त्यात डोडो अगदी सजीव उभा आहे. कोणी त्यास गिधाडांत घालीत, कोणी शहामृगांत. डेन्मार्कच्या राइनहार्टने तो कपोतकुळातला असावा असे प्रथम सुचविले, तेव्हा पंडित हसले. १८४८ साली स्ट्रिकलंडने मेलव्हिल या सहकाऱ्यासह डोडोची हाडे तपासून तेच मत सिद्ध केले. पाच वर्षांनी, १८५३ साली, लोहमार्गाच्या खोदाईतील खडक पाहत असताना आगगाडीखाली सापडून हा विद्वान मरण पावला. त्याचे वय बेचाळीस होते.

यानंतरचा अध्याय डार्विनचा. १८५५ पासून डार्विनने घरी कबुतरे पाळण्यास सुरुवात केली व लंडनच्या कबूतरबाजांच्या दोन मंडळांचा तो सभासद झाला. लक्का, लोटन, छाती फुगविणारे, चोचीभोवती मांसल गाठी असलेले, असे एकमेकांशी काडीचे साम्य नसलेले पक्षी त्याने जमविले. कबूतरबाजांचे ठाम मत असे, की प्रत्येक वाणाचा मूळपुरुष वेगळा. डार्विनने पांढरे लक्के व काळे बार्ब यांचा संकर केला, आणि त्या संततीचा पुन्हा आपसांत संकर केला. तेव्हा नातवंडांत एक पक्षी निघाला तो सुरेख निळा, पंखावर दोन काळे पट्टे आणि पाठीवर पांढरा पट्टा असलेला, हुबेहूब खडकपारवा. आजोळी व आजोबांकडे कोठेच नसलेला रंग नातवात उतरला, याचा अर्थ तो दोन्ही घराण्यांच्या दूरच्या पूर्वजाचा असला पाहिजे. सगळ्या पाळीव कबुतरांचा पूर्वज एकच, तो म्हणजे रानातला पारवा, हा डार्विनचा निष्कर्ष. माणसाने निवड करून काही शतकांत एवढे वैविध्य घडविले, तर निसर्गाने लक्षावधी वर्षांत किती घडविले असेल, हा त्याचा पुढचा मुद्दा. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा पहिला अध्याय म्हणूनच कबुतरांनी भरलेला आहे. हस्तलिखित वाचलेल्या एका सल्लागाराने तर प्रकाशकास सुचविले होते, की लेखकाने बाकी सारे सोडून फक्त कबुतरांवर पुस्तक लिहावे. ते हातोहात खपेल.

या अध्यायात हिंदुस्थान तीन वाटांनी शिरला आहे. पहिली वाट अकबराची. आईन-ए-अकबरीत बादशहाच्या कबूतरखान्याचे सविस्तर वर्णन आहे. दरबाराबरोबर वीस हजारांवर कबुतरे असत, आणि या छंदास बादशहाने 'इश्कबाजी' हे नाव दिले होते. वाणांचा संकर करून नवे वाण काढण्याची कला त्याने वाढविली. आंबेरचा राजा मानसिंग याच दरबारातील, हे जयपुरात राहणाऱ्यास आठवल्यावाचून राहत नाही. दुसरी वाट कलकत्त्याची. तेथे एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लाइथ हा विद्वान १८४१ पासून १८६२ पर्यंत अल्प पगारावर राबत होता. वेतनवाढीच्या अर्जांनी गांजलेला हा मनुष्य डार्विनला हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांविषयी लांबच लांब पत्रे लिहीत असे. तिसरी वाट आपल्या सीमाभागातून जाते. वॉल्टर इलियट हा मुलकी अधिकारी दक्षिण मराठा मुलखात, धारवाडकडे, नोकरीस होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मेच्या सैन्याने त्यास कैद केले होते, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. पुढे तो मद्रासेस गेला आणि तेथून त्याने डार्विनला हिंदुस्थानी कबुतरांची कातडी पाठविली.

पाठीच्या पट्ट्याचा तंटा डार्विनने कसा सोडविला? पांढऱ्या पट्ट्याचा युरोपीय आणि करड्या पाठीचा हिंदुस्थानी, या दोघांस त्याने निराळ्या जाती मानले नाही. एकाच जातीचे हे दोन देशभेद, आणि इंटरमीडिया ही तिची हिंदुस्थानी उपजात, असे त्याने लिहिले. आजही तीच व्यवस्था मान्य आहे. स्ट्रिकलंडच्या नियमांमुळे त्याचे नाव मात्र पुसले गेले नाही. ते तिसऱ्या पदावर, उपजातीच्या जागी, कायम आहे.

आता जयपूरच्या अगदी दाराशी येऊ. येथून पश्चिमेस दोनएक तासांच्या वाटेवर सांभरचे खारे सरोवर आहे. १८६९-७० मध्ये जयपूर व जोधपूर दरबारांशी करार करून इंग्रज सरकारने तेथील मिठाचा कारभार आपल्या हाती घेतला. त्या काळी जकात खात्याचा प्रमुख होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. तोच, ज्याचे नाव १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी जोडलेले आहे. जकातीच्या नाक्यांवरून हिंडता हिंडता त्याने पक्ष्यांचा असा संग्रह केला, की पुढे ऐंशी हजारांच्या आसपास नमुने त्याने लंडनच्या संग्रहालयास दिले. स्वतःच्या खर्चाने त्याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक चालविले. त्याच्या पहिल्याच खंडात, १८७३ साली, मीठ खात्यातील अधिकारी आर. एम. ॲडम याने सांभर सरोवर व आसपासच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. मिठाच्या ढिगांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने फावल्या वेळी केलेले ते काम या भागाच्या पक्षिविज्ञानाचा पाया ठरले.

त्याच १८७३ साली ह्यूमने वायव्येकडील डोंगरी प्रदेशातील फिकट पाठीच्या पारव्यास वेगळा ठरवून त्यास 'नेग्लेक्टा' हे नाव दिले. नेग्लेक्टा म्हणजे उपेक्षित. दुर्लक्ष झालेल्या प्रकरणावर असा शेरा मारण्याची सवय त्यास खात्यातच लागली असावी! पण दैवाचा खेळ असा, की ह्यूमच्याच वाट्यास मोठी उपेक्षा आली. वरिष्ठांवर उघड टीका केल्यामुळे १८७९ साली त्यास सचिवपदावरून दूर करण्यात आले. आणि सिमल्याच्या घरी ठेवलेली हिंदुस्थानी पक्ष्यांवरील त्याची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. पंचवीस वर्षांच्या नोंदी वाण्याच्या पुड्यांत गेल्या. त्यानंतर ह्यूमचे मन पक्ष्यांवरून उडाले. सरकारी दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या कोणासही ही गोष्ट वाचून चर्र झाल्याखेरीज राहणार नाही.

येथवर सारा निवाडा बाह्यरूपावर व हाडांवर चालला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पेशींतील डीएनए वाचण्याची विद्या आली आणि जुन्या वंशावळी पुन्हा तपासणीस निघाल्या. २००२ साली ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील डोडोच्या अवशेषातून डीएनए काढण्यात आला. त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग ठरला तो आपल्या अंदमान-निकोबारकडील निकोबारी कपोत. स्ट्रिकलंडचा निकाल दीडशे वर्षांनी वरच्या न्यायालयात कायम झाला. पण त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. कपोतकुळात आज सुमारे साडेतीनशे जाती गणल्या जातात, आणि त्यांच्या काही मोठ्या शाखा पडतात. पारवा, होला व कवडा एका शाखेत बसतात. हरियाल त्या शाखेत नाही. तो ज्या मोठ्या शाखेत बसतो, तीतच निकोबारी कपोत आणि डोडो आहेत. म्हणजे महाराष्ट्राने राज्यपक्षी म्हणून ज्याचा गौरव केला, तो हरियाल आपल्या वळचणीतल्या पारव्यापेक्षा मॉरिशसच्या त्या नामशेष डोडोस नात्याने अधिक जवळचा. जयपूरकडील वडा-पिंपळांवर हिवाळ्यात हरियालांचा थवा पाहताना आम्हांस आता या दूरच्या भाऊबंदकीची आठवण होते.

होल्यांच्या घरातही वाटण्या झाल्या. मानेवर काळा अर्धकंठा असलेला होला, ज्यास राजस्थानी बोलीत कमेडी म्हणतात, आणि ठिपक्यांचा कवडा हे पूर्वी एकाच वंशात नांदत. डीएनएच्या पुराव्यावरून कवडा व त्याचा छोटा तपकिरी भाऊ यांस आता अनेक अभ्यासक स्पिलोपेलिया या वेगळ्या वंशात मांडतात. हा वंशही नवा नव्हे. सुंडेव्हालने १८७३ सालीच तो सुचविला होता, आणि फाईल एवढा काळ पडून होती. हिंदुस्थानी कवड्याच्या नावात सुरतेचे नाव आहे, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही. उलट अमेरिकेतील कोलंबा कपोतांस वेगळे काढावे लागले. कारण आपल्या पारव्याचे नाते त्या अमेरिकी कोलंबांपेक्षा शेतातल्या होल्याशी अधिक जवळचे निघाले. शेजार हा कधी कधी नामसादृश्याहून खरा असतो.

या नव्या विद्येचेही निकाल अंतिम नसतात, याचा दाखला सांभरच्या पाण्यावरच मिळतो. २०१४ साली अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी अठ्ठेचाळीस पक्ष्यांचे संपूर्ण डीएनए वाचून मोठी वंशावळ मांडली. तीत वाळवंटातील भटतीतर पारव्याचे जवळचे नातलग ठरले, ते ठीकच. पण रोहित व पाणडुब्या यांचे घराणेही पारव्याच्या शेजारी येऊन बसले. सांभरच्या उथळ पाण्यात उभा राहिलेला गुलाबी रोहित हा छज्जावरच्या पारव्याचा आप्त! दहा वर्षांनी, २०२४ साली, शेकडो पक्ष्यांच्या जनुकसंग्रहांवरून असे दिसले की गुणसूत्राच्या एका लांब तुकड्याने आधीच्या अभ्यासकांची दिशाभूल केली होती. तो तुकडा वगळता नाते टिकले नाही. भटतीतर राहिले, रोहित गेला. एवढ्या पुराव्यानंतरही फेरविचारास जागा ठेवणे यातच त्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे.

डार्विनचे मत मात्र प्रत्येक तपासणीतून अधिक भक्कम होऊन बाहेर आले. २०१३ साली पारव्याचा जनुकसंग्रह वाचला गेला, तेव्हा डोक्यावर शेंडी असलेल्या नाना वाणांत ती शेंडी एकाच जनुकातील एकाच बदलामुळे येते, असे आढळले. २०१८ साली याहून चमत्कारिक गोष्ट उजेडात आली. शहरांतील पुष्कळ पारव्यांच्या पंखांवर दोन पट्ट्यांऐवजी चौकडीची दाट नक्षी असते. ती नक्षी देणारा जनुकाचा तुकडा पारव्याचा स्वतःचा नाही. आफ्रिकेतील ठिपकेदार कपोताशी कधी काळी झालेल्या संकरातून तो आला आहे. म्हणजे रस्त्यावरच्या अगदी सामान्य पारव्याच्या पंखावर आफ्रिकेच्या आजोळाची खूण आहे.

येथेच आम्हांस या प्रकरणातील खरी चिंता दिसते. पाळीव कबुतरे सुटून रानपारव्यांत मिसळतात, आणि पिढ्यान् पिढ्या मिसळत राहिल्याने मूळचा रानपारवा विरघळून जातो. २०२२ साली इंग्लंडच्या अभ्यासकांनी ब्रिटिश बेटांतील पारवे तपासले, तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील दूरच्या बेटांवरच जवळजवळ निर्भेळ रानपारवा शिल्लक असल्याचे दिसले. जो पक्षी जगातील प्रत्येक चौकात आहे, त्याचेच मूळ रूप हळूहळू दुर्मिळ होत आहे. आणि तो सर्वत्र दिसतो म्हणूनच त्याची काळजी कोणास वाटत नाही. त्याचा एक आप्त तर उघड संकटात आहे. पिवळ्या डोळ्यांचा, थोडा लहान पारवा मध्य आशियातून हिवाळ्यात वायव्य हिंदुस्थानात येतो. बोनापार्टने १८५६ साली त्यास एव्हर्समान या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिले. पूर्वी त्याचे मोठे थवे येत. आता जागतिक यादीत त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. बिकानेरजवळच्या जोडबीडसारख्या ठिकाणी तो अद्याप दिसतो.

आम्ही रविवारी अल्बर्ट हॉलसमोर जाऊन उभे राहतो. तेथे ज्वारीचे दाणे विकणारे बसलेले असतात आणि पुण्य जोडणारे लोक मूठमूठ दाणे उधळतात. शेकडो पक्षी एकदम उठतात तेव्हा त्यांत पांढरे, तांबूस, चौकडीचे, काळसर, सारे दिसतात. काहींच्या पाठीवर पांढरा पट्टाही चमकून जातो. मग आम्ही आंबेरच्या बाजूस डोंगरउतारावर जातो. तेथील जुन्या भिंतींतून निघणाऱ्या थव्यात रंगांची ही सरमिसळ पुष्कळ कमी दिसली. करड्या पाठीचे, दोन पट्ट्यांचे पक्षीच अधिक. एवढ्यावरून ते निर्भेळ आहेत असे आम्ही म्हणत नाही. डोळ्यांनी रंग दिसतो, रक्त दिसत नाही. पण शहरातील दाण्यावर वाढणारा पारवा आणि कड्यावरचा पारवा यांत भेद करण्याची सवय लावून घेतली पाहिजे, असे वाटते. २०२५ साली मुंबईतील कबूतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. एका बाजूस श्वसनाच्या विकारांचे भय, दुसऱ्या बाजूस भूतदया. त्या वादात पारव्याच्या स्वतःच्या हिताचा, त्याच्या रानातल्या कुळीचा विचार क्वचितच कोणी मांडला. मूठभर दाण्याने भूक भागते खरी, पण चौकातली गर्दी वाढते आणि मूळ वाण अधिकच लवकर मिसळून जातो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही अधिक जबाबदारीने देऊ शकतो. साताऱ्याचा पारवा आणि जयपूरचा पारवा ही एकाच इंटरमीडिया उपजातीची घरे; तेव्हा "आपल्याकडचेच" हे आमचे उत्तर खोटे नव्हते. शेजाऱ्यांचे म्हणणेही खरे, कारण आंबेरच्या कड्यांवर हा पक्षी शहराआधीपासून असला पाहिजे. आणि दोघांनीही न सांगितलेली गोष्ट ही, की त्याच्या अंगात अकबराचा कबूतरखाना आणि आफ्रिकेचे रान यांचाही अंश असू शकेल. हे आम्ही कन्येस समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मग त्याचे मूळ गाव कोणते लिहायचे?" सेवापुस्तकात स्वतःचे मूळ गाव लिहिताना एकदाही न अडलेला आमचा हात या प्रश्नाने अडला.

साइक्स, इलियट, ॲडम, ह्यूम हे सत्ताधाऱ्यांचे नोकर होते; त्यांतील एक तर खडकीस आपल्याविरुद्ध लढला. पण नेमून दिलेल्या मुलखात डोळे उघडे ठेवून, तारीख-वार टिपून ठेवण्याची त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. आपणांपैकी कोणी बिकानेरला असेल, कोणी झाशीस, कोणी शिलाँगला. घरावरचा पारवा उडेल तेव्हा त्याच्या पाठीकडे एकदा पाहावे. पट्टा पांढरा की करडा, गाव कोणते, दिवस कोणता, एवढेच वहीत लिहून ठेवावे. आणि ती वही पुढच्या बदलीच्या वेळी रद्दीत जाणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी.